गोड लोण्याचे मऊ डिनर रोल : नागपूरच्या हवेत, घरच्या ओटीजीत

डिनर रोलच्या बहुतेक पाककृतींत 'तासभर फुगू द्या' असं एक वाक्य असतं. ते लिहिणाऱ्याच्या स्वयंपाकघरात बहुधा बावीस-चोवीस अंश असतात. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी ओट्याजवळ ३८-४० अंश असतात. तिथे तेवढ्या तासात पीठ फुगून वर येतं, खाली बसतं आणि आंबूसही होतं. जानेवारीच्या सकाळी मात्र त्याच तासात ते जागचं हलत नाही. म्हणून खालच्या कृतीत घड्याळापेक्षा तापमानाला आणि पिठाच्या लक्षणांना जास्त महत्त्व दिलं आहे. वरच्या गोड लोण्याचंही तसंच आहे. वीस-बावीस अंशांना बटर छान फेटलं जातं आणि तिशीच्या पुढे त्याचं तेल व्हायला लागतं.

हे प्रमाण ९ इंची चौकोनी टिनमधल्या १२ रोलच्या एका लादीचं आहे. अंडं नाही.

रोलसाठी :
मैदा ३५० ग्रॅम (त्यातला २० ग्रॅम आधी वेगळा काढायचा)
पाणी १०० मिली (शिजवलेल्या पिठासाठी)
दूध १३० मिली, शिवाय हाताशी १५ मिली जास्तीचं
साखर ४० ग्रॅम
दूध पावडर १५ ग्रॅम
इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम
मीठ ५ ग्रॅम (बटर बिनमिठाचं असेल तर ६)
मऊ बटर ४५ ग्रॅम

वरच्या गोड लोण्यासाठी :
बटर ६० ग्रॅम, आणि पहिल्या हातासाठी आणखी १५ ग्रॅम
मध २५ ग्रॅम
पिठीसाखर १५ ग्रॅम
संत्र्याच्या सालीचा कीस एक चहाचा चमचा

ओटीजीत (घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये) घालण्याआधी वरून लावायला दोन चमचे दूध लागेल.

वजनकाटा नसेल तर आधी तो घ्या, रोल नंतर करा. वाटी दाबून भरली की सैल भरली यावर एका वाटी मैद्यात वीस-तीस ग्रॅमचा फरक सहज पडतो. दोन-तीन वाट्यांत तो फरक एवढा वाढतो की पीठ एक तर कोरडं होतं नाहीतर चिकट.

मैदा, यीस्ट आणि दूध

आपल्याकडचा मैदा पाश्चात्त्य ब्रेड फ्लोअरपेक्षा नरम असतो. प्रथिनं कमी, म्हणून ग्लुटेनची, म्हणजे पीठ भिजल्यावर त्या प्रथिनांतून बनणारी लवचीक जाळी कमी ताकदीची. पाकिटाच्या मागे १०० ग्रॅममध्ये किती प्रथिनं ते छापलेलं असतं. १० ग्रॅम किंवा त्याहून जास्त असतील तो मैदा उचला. इतवारीच्या बाजारात सुटा मैदा स्वस्त मिळतो आणि शंकरपाळ्यांना तो उत्तम, पण त्यातली प्रथिनं कळायला मार्ग नाही. पावसाळ्यात तो दमटही असतो. सुटाच वापरायचा असेल तर दूध १३० ऐवजी १२० मिलीपासून सुरू करा.

हवेचा परिणाम पाकिटातल्या मैद्यावरही होतो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत मैदा वाळलेला असतो आणि जास्तीचं १५ मिली दूध बहुतेक वेळा लागतंच. जुलै-ऑगस्टमध्ये तेच दूध बाजूला ठेवून द्यावं लागतं.

यीस्ट उन्हाळ्यात दुकानातच मरू शकतं. ज्या दुकानात ते फ्रिजमध्ये किंवा एसीत ठेवतात तिथून घ्या. बर्डी किंवा इतवारीतल्या केकच्या सामानाच्या दुकानांत माल लवकर खपतो, त्यामुळे पाकिटं ताजी मिळण्याची शक्यता जास्त. उघडलेलं पाकीट घट्ट बंद डब्यात, फ्रीझरमध्ये. शंका असेल तर अर्धा कप कोमट पाण्यात चिमूटभर साखर आणि अर्धा चमचा यीस्ट टाकून दहा मिनिटं थांबा. वर फेसाचा जाड थर आला तर यीस्ट जिवंत आहे. चार बुडबुडे येऊन थांबलं तर ते फेकून द्या. जास्त घालून भागेल, असं समजू नका. मेलेल्या यीस्टचा वास तेवढा उरतो.

दाणेदार ॲक्टिव्ह ड्राय यीस्ट असेल तर ६ ग्रॅम घ्या आणि आधी ३० मिली कोमट दुधात दहा मिनिटं भिजवा. हे दूध एकूण १३० मधूनच काढायचं. ताजं, वडीचं यीस्ट असेल तर १५ ग्रॅम.

दूध उकळलेलंच हवं. कच्च्या दुधातली काही प्रथिनं ग्लुटेन सैल करतात आणि उकळल्यावर तो त्रास जातो. घरात रोज दूध तापतंच, तेव्हा वेगळं काही करायचं नाही. साय असली तरी चालते, फक्त गुठळ्या मोडून घ्या.

आधी थोडं पीठ शिजवा

२० ग्रॅम मैदा आणि १०० मिली पाणी एका लहान गंजात थंडच एकत्र करून गुठळ्या मोडा. मंद आचेवर सतत ढवळा. दोन-तीन मिनिटांत ते दाटतं. चमचा फिरवल्यावर तळ क्षणभर दिसला आणि रेघ राहिली की उतरवा. थर्मामीटर असेल तर साधारण ६५ अंश.

हे काम टाळावंसं वाटतं, पण टाळू नका. शिजताना मैद्यातला स्टार्च पाणी धरून ठेवतो आणि ते पाणी भाजतानाही फारसं सुटत नाही. त्यामुळे पीठ हाताला न चिकटता ओलसर राहतं आणि रोल दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. उन्हाळ्यात, जिथे उघडी पोळी अर्ध्या तासात पापड होते, तिथे हा फरक जेवणाच्या ताटात कळतो. बेकरीतल्या पावाला अशा मऊपणासाठी इम्प्रूव्हर घालतात. घरी हे शिजवलेलं पीठ पुरतं.

झाकण किंवा प्लॅस्टिक थेट पिठाला चिकटेल असं ठेवून गार करा, नाहीतर वर साय धरते आणि ती मळताना मोडत नाही.

दूध किती गरम, किती गार

मळून झालेल्या पिठाचं तापमान २६ ते २८ अंश असावं. हे जमलं की पुढचं अर्धं काम सोपं. त्यासाठी हिशेब असा : २७ ला तीनने गुणा, ८१ येतात. त्यातून खोलीचं आणि मैद्याचं तापमान वजा करा. उरेल तेवढं दुधाचं तापमान.

मे महिन्यात खोली ३८, मैदा ३६. ८१ मधून ७४ गेले, उरले ७. म्हणजे दूध थेट फ्रिजमधलं. शिजवलेलं पीठही तासभर फ्रिजमध्ये ठेवून गार करा, कारण मळताना हाताची आणि हवेची गरमी वरून येतेच. मैद्याचा डबा आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवला तर आणखी सोपं.

जानेवारीत खोली १८, मैदा १७. हिशेबाने दूध ४६ अंश येतं. तेवढं तापवण्यापेक्षा शिजवलेलं पीठ कोमट असतानाच घ्या आणि दूध ३५-३८ अंशांचं ठेवा, म्हणजे बोट बुडवलं तर गरम न लागता नुसतं उबदार लागेल असं. यीस्ट ५५-६० अंशांना मरतं. उकळतं दूध 'थोडं निवलंय' म्हणून ओतणं हे हिवाळ्यातल्या न फुगलेल्या पिठाचं नेहमीचं कारण आहे.

फ्रिजचं दूध वापरताना इन्स्टंट यीस्ट दुधात टाकू नका, ते आधी कोरड्या मैद्यात मिसळा. एकदम गार पाण्यात किंवा दुधात भिजलं तर त्याची ताकद कमी होते.

मळणं

परातीत ३३० ग्रॅम मैदा, यीस्ट, साखर, दूध पावडर एकत्र करा. मीठ एका कडेला टाका. शिजवलेलं पीठ आणि १३० मिली दूध घालून ओबडधोबड गोळा करा. कुठेही कोरडं पीठ राहायला नको. आता झाकून २० मिनिटं तसंच सोडा. या वेळात मैदा आपणहून पाणी पितो आणि ग्लुटेन बनायला लागतं, त्यामुळे पुढचं मळणं निम्म्यावर येतं. मे महिन्यात हा वेळ फ्रिजमध्ये जाऊ द्या.

वीस मिनिटांनंतरही गोळा ताठ वाटला तर जास्तीचं दूध चमच्याचमच्याने घाला. पोत साधारण पुरणपोळीच्या कणकेइतका सैल हवा, पोळीच्या कणकेइतका घट्ट नको. घट्ट पिठाचे रोल दिसायला देखणे होतात, खायला कोरडे.

आता सात-आठ मिनिटं मळा. तळव्याने पुढे ढकलायचं, घडी घालायची, पाव वळसा फिरवायचं. सुरुवातीला पीठ ओट्याला चिकटेल. तिथे मैदा भुरभुरायचा मोह होतो, तो आवरा. चिकटलेलं पीठ खरवडणीने सुटतं, पण वरून घातलेला मैदा परत काढता येत नाही. गोळा गुळगुळीत व्हायला लागला की मऊ बटर तीन वेळा विभागून घाला. एक भाग पूर्ण मुरल्यावरच पुढचा. बटर सुरुवातीलाच घातलं तर ते मैद्याच्या कणांना वेढतं, ग्लुटेन नीट जुळत नाही आणि रोल पावभाजीच्या पावासारखे ओढून न तुटता भुसभुशीत होतात. प्रत्येक वेळी बटर घातल्यावर पीठ क्षणभर विस्कटल्यासारखं होतं. मळत राहा, ते परत जुळून येतं.

बटर मुरल्यावर आणखी पाच-सहा मिनिटं. झालं की नाही ते असं बघा : लिंबाएवढा गोळा तोडून बोटांनी चारही बाजूंनी हळूहळू ताणा. उजेडापुढे धरल्यावर बोटांची सावली दिसेल इतका पातळ पडदा झाला आणि फाटला नाही, तर तयार. दातेरी कडा ठेवून फाटला तर अजून मळायचंय. स्टँड मिक्सर असेल तर सगळं मिळून कमी वेगावर आठ-दहा मिनिटं. पण मिक्सर पीठ तापवतो, म्हणून उन्हाळ्यात मध्ये एकदा थांबून हात लावून बघा.

पहिली फुगवण

भांड्याला तेलाचा हात, गोळ्यालाही तेलाचा हात, आणि झाकण असलेला डबाच घ्या. ओलं फडकं नागपूरच्या उन्हाळ्यात कुचकामी आहे. कूलर चालू असलेल्या खोलीत ते वीस मिनिटांत वाळतं आणि खाली पिठावर कातडी धरते. ती कातडी पुढे रोलमध्ये दोरीसारख्या कडक रेघा होऊन निघते. कूलरची खोली पीठ फुगवायला चांगली, साधारण २८-३० अंशांची, पण डबा वाऱ्याच्या झोतात नको. कपाटात किंवा भिंतीच्या कोपऱ्यात ठेवा.

वेळ अंदाजे अशी : ३६ अंशांच्या आसपास ४०-४५ मिनिटं, २८ ला तासभर, १८-२० ला दीड ते दोन तास. पण बघायचं ते आकारमान, दुप्पट झालं की थांबा. मैद्यात बुडवलेलं बोट मधोमध खुपसा. खड्डा तसाच राहिला किंवा अगदी हळू थोडासा भरला तर झालं. लगेच भरून आला तर अजून वेळ आहे. बोट लावताच सगळं बसलं तर उशीर झाला. अशा वेळी हवा काढून सरळ गोळे वळा आणि दुसरी फुगवण आखूड ठेवा. चव थोडी आंबूस लागेल, पण रोल फुकट जाणार नाहीत.

थंडीत बंद ओटीजीत उकळत्या पाण्याचा गंज आणि पिठाचा डबा शेजारी ठेवा. आतला दिवा लागत असेल तर तोही लावा. ओटीजी सुरू करून 'थोडंसं गरम' करण्याच्या नादात भिंती किती तापल्या ते कळत नाही आणि डब्याच्या कडेचं पीठ अर्धवट शिजतं.

मे महिन्यात सगळ्यांत सोयीचा मार्ग रात्रीचा आहे. यीस्ट ५ ऐवजी साडेतीन ग्रॅम घ्या, रात्री मळून वीस मिनिटं बाहेर ठेवा, मग फ्रिजमध्ये आठ ते बारा तास. सकाळी सातला, ओटा तापायच्या आत, गार पीठ हाताळायला फार सोपं असतं. वर, सावकाश फुगलेल्या पिठाला चवही जास्त.

गोळे आणि दुसरी फुगवण

हवा काढा आणि पीठ तोला. साधारण ६८० ग्रॅम भरेल. बारा भाग, प्रत्येकी ५६-५७ ग्रॅम. डोळ्यांनी भाग केले तर मोठे कच्चे आणि लहान करपलेले, असं एकाच लादीत होतं.

प्रत्येक तुकड्याच्या कडा मध्यावर ओढून चिमटा, चिमटलेली बाजू खाली करा. मग तळवा पोकळ धरून त्याखाली गोळा कोरड्या ओट्यावर गोल गोल फिरवा. ओट्यावर मैदा नको, तेलही नको. गोळ्याचा तळ किंचित चिकटला तरच वरची कातडी ताणली जाते, आणि त्या ताणामुळेच रोल वर चढतो. ताण नसेल तर तो आडवा पसरतो. गुळगुळीत होऊन हाताखाली थोडा कडक लागला की पुरे. जास्त फिरवलं तर कातडी फाटते.

टिनला बटर लावा, तळाशी बटर पेपर. तीन ओळींत चार-चार, मध्ये साधारण सेंटीमीटरभर जागा. झाकून पुन्हा फुगू द्या. उन्हाळ्यात २५-३० मिनिटं, हिवाळ्यात तासभर किंवा थोडं जास्त. गोळे एकमेकांना टेकले, आकार पावणेदोन पट झाला, बाजूला हलकं दाबल्यावर खळगा सावकाश अर्धाच भरला, की भाजायला तयार. इथे थोडं आधी उचललेलं चालतं, कारण ओटीजीत ते आणखी फुगतात. उशिरा उचललं तर भाजताना वर चढण्याऐवजी सुरकुततात.

ओटीजी या वेळेच्या वीस मिनिटं आधी सुरू करायचा, म्हणजे गोळे तयार आणि ओटीजी थंड असं होत नाही.

भाजणं

दोन्ही सळ्या चालू ठेवून १९० अंशांवर वीस मिनिटं तापवा. रोलवर दुधाचा पातळ हात अलगद फिरवा. ब्रश मऊ हवा, नाहीतर फुगलेले गोळे दबतात. टिन आत ठेवल्यावर १८० करा. टिन मधल्यापेक्षा एक घर खाली, कारण घरगुती ओटीजीत वरची सळी टिनपासून वीतभरही लांब नसते. कन्व्हेक्शनचा पंखा चालू असेल तर १६५-१७०.

एकूण २० ते २२ मिनिटं. बाराव्या-तेराव्या मिनिटाला रंग बघा. सोनेरी तपकिरी झाला असेल तर वर ॲल्युमिनियम फॉइल सैल टाका आणि उरलेला वेळ पूर्ण होऊ द्या. रंग बघून बाहेर काढणं ही सर्रास होणारी चूक. साखर आणि दुधामुळे रंग लवकर येतो, मध्य मागे राहतो. खात्री हवी तर मधल्या रोलमध्ये थर्मामीटर खुपसा, ८८ ते ९२ अंश हवेत. तो नसेल तर मधले दोन रोल किंचित वेगळे करून सांधा बघा. ओला, चमकदार दिसला तर आणखी तीन मिनिटं.

ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान यांत २०-२५ अंशांचा फरक नवलाचा नाही. आत टांगायचा साधा ओव्हन थर्मामीटर घ्या, तो पैसे वसूल करतो. उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं की तापायलाही जास्त वेळ लागतो. वीस मिनिटं झाली म्हणून १९० झालेच असतील असं नाही.

लहान ओटीजीत ९ इंची टिन मावत नसेल तर सात इंची दोन गोल टिन करा, प्रत्येकात सहा रोल. पहिलं भाजेपर्यंत दुसरं फ्रिजमध्ये. कढईत मीठ घालून भाजता येतं, खालून ते नीट होतं, पण वर रंग येत नाही. गोड लोणी लावल्यावर ते झाकलं जातं, एवढंच त्याचं समर्थन.

गोड लोणी

दोन हात लावायचे, आणि दोन्हींच्या मध्ये थांबायचं. या थांबण्यावर बरंच काही अवलंबून आहे.

पहिला हात : टिन बाहेर येताच १५ ग्रॅम वितळलेलं बटर. कातडी तेव्हा सगळ्यांत गरम असते, बटर आत मुरतं आणि कडक झालेली पापुद्रेदार बाजू मऊ पडते. पाच मिनिटांनी लादी टिनमधून काढून जाळीवर ठेवा. टिनमध्येच राहू दिली तर वाफेने तळ ओला होतो.

दुसरा हात आठ-दहा मिनिटांनी, रोल हाताला गरम पण चटका न देणारा झाल्यावर. फेटलेलं मधाचं लोणी लगेच लावलं तर ते क्षणात वितळतं, मध वेगळा होऊन फटींतून तळाशी जातो आणि वर फक्त तूपकट चकाकी उरते. निवलेल्या रोलवर ते अर्धं वितळतं, अर्धं थर धरून राहतं. तेच हवं. फार गार झाल्यावर लावलं तर ते पसरत नाही आणि ब्रशबरोबर कातडी निघते.

लोणी फेटताना बटर बोट सहज रुतेल इतकं मऊ हवं, पण चकाकणारं नको. नुसतं बटर दोन-तीन मिनिटं फेटून फिकट होऊ द्या, मग पिठीसाखर, मग मध बारीक धारेने. सगळा मध एकदम ओतला तर मिश्रण फाटतं. मे महिन्यात भांड्याखाली बर्फाच्या पाण्याचं ताट ठेवा. फाटलंच तर दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून परत फेटा, जुळतं. बटर मिठाचं असेल तर उत्तम, नसेल तर चिमूटभर मीठ घाला, कारण मिठावाचून मधाचा गोडवा बोथट लागतो. हिवाळ्यात मेळघाटातला किंवा कुठलाही चांगला मध बाटलीत गोठू शकतो. बाटली कोमट पाण्यात उभी करा, गॅसवर नको.

मध भाजण्याआधी रोलवर कधीही लावू नका. मधातली फळसाखर साध्या साखरेच्या बरीच आधी तपकिरी होते, आणि आतला पाव कच्चा असतानाच वर काळे डाग पडतात.

संत्रं वापरायचं ते सालीपुरतं. नागपुरी संत्र्याचा रस आटवून घालावा असं वाटतं, पण तो तापवला किंवा नुसता ठेवला तरी त्यात लिमोनिन हे कडू द्रव्य तयार होतं आणि कडवटपणा मागाहून वर येतो. कच्चा रस घालावा तर पाणी बटरमध्ये मिसळत नाही. सालीत मात्र सुगंधी तेल असतं आणि ते बटरमध्ये छान विरतं. आपल्या संत्र्याची साल सैल आणि पातळ असते, त्यामुळे किसणीवर ती दबते आणि फाटते. फळ अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, सोलायच्या आधी अख्खंच किसा, प्रत्येक जागी एकदाच फिरवा. पांढरा भाग कडू असतो. किसण्यापूर्वी कोमट पाण्याने चोळून धुवा, वर मेण असू शकतं. कीस पिठीसाखरेत बोटांनी चुरडून मग बटरमध्ये घातला तर वास दुप्पट लागतो. आंबिया बहाराची फळं ऑक्टोबर ते डिसेंबर, मृगाची फेब्रुवारी ते एप्रिल. मधल्या काळात वेलचीपूड पाव चमचा घ्या, बाटलीतला संत्र्याचा अर्क नको.

मधाऐवजी गूळ हवा असेल तर सेंद्रिय म्हणून मिळणारी कोरडी गूळ पावडर चाळून घ्या. ढेपेचा गूळ ओलसर असतो, लोणी सैल करतो.

ज्यांना वर कुरकुरीत गोड कवच आवडतं त्यांच्यासाठी दुसरा प्रकार : बटर ४० ग्रॅम, पिठीसाखर ४०, मैदा ४५ एकत्र मळून बारा चकत्या थापायच्या आणि दहा मिनिटं फ्रीझरमध्ये घट्ट करायच्या. भाजायच्या अगदी आधी फुगलेल्या रोलला दूध लावून एकेक चकती अलगद ठेवा, सुरीने वर जाळी रेखा. पाककृतींत ही चकती दुसऱ्या फुगवणीआधी ठेवायला सांगतात. नागपूरच्या उन्हाळ्यात ती तेव्हाच वितळून टिनमध्ये उतरते. भाजण्याचा वेळ तोच, आणि मग मधाचं लोणी लावायचं नाही. हे रोल त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी कवच नरम पडतं.

बिघडलं तर

रोल बाजूने फाटले तर दुसरी फुगवण कमी पडली, किंवा वर कातडी वाळली होती. भाजल्यावर मध्ये बसले, सुरकुतले : फुगवण जास्त झाली, नाहीतर आत कच्चे राहिले. दोन्हींतला फरक कापल्यावर कळतो. कच्च्या रोलमध्ये तळाजवळ चिकट, दाट पट्टा असतो, जास्त फुगलेल्यात वरच्या बाजूला मोठी भोकं. यीस्टचा उग्र वास येत असेल तर यीस्ट वाढवू नका, उलट कमी करा आणि पीठ गार ठेवा. हा वास बहुतेक वेळा उष्ण हवेत घाईने फुगलेल्या पिठाचा असतो. फिकट रोल म्हणजे ओटीजी पुरेसा तापला नव्हता, किंवा पहिली फुगवण इतकी लांबली की यीस्टने साखर खाऊन टाकली.

बरोबर काय, आणि उरले तर

गोड लोण्याचे रोल टोमॅटो सूप, भाजलेल्या भाज्या किंवा संध्याकाळच्या चहाबरोबर जमतात. सावजी रस्सा किंवा तर्री यांच्याशी त्यांचं जुळत नाही, मध आणि तिखट मसाला एकमेकांना मारतात. त्यासाठी हेच रोल करा, पण साखर २० ग्रॅम आणि वर फक्त पहिला, साध्या बटरचा हात.

उन्हाळ्यात बाहेर एक दिवस, हिवाळ्यात दोन, तेही बंद डब्यात. फ्रिजमध्ये पाव लवकर शिळा होतो, कारण थंडीत स्टार्च झपाट्याने कडक होतो. जास्त टिकवायचे तर मधाचं लोणी न लावता, पूर्ण निवल्यावर पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये, महिनाभर. खाताना इडलीपात्रात दोन-तीन मिनिटं वाफवा, किंवा पाण्याचा हबका मारून फॉइलमध्ये गुंडाळून १५० अंशांवर आठ-दहा मिनिटं, आणि मग लोणी लावा. फेटलेलं लोणी स्वतंत्र डब्यात फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं. वापरायच्या आधी हिवाळ्यात अर्धा तास बाहेर काढा, मे महिन्यात पाच मिनिटं.